धार्मिक आक्षेप आला म्हणून शाळेने मुलांचं पुस्तक काढून टाकावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘हे पुस्तक आमच्या धर्माविरुद्ध आहे, शाळेतून काढा’ अशी तक्रार कुठल्याही शाळेत येऊ शकते. अमेरिकेत अशा तक्रारींवरून गेली पन्नास वर्षं वाद आणि कोर्टकचेऱ्या चालू आहेत. तिथल्या शाळांनी, पालकांनी आणि न्यायाधीशांनी काय केलं हे कागदोपत्री सापडतं. म्हणून इथली बरीचशी उत्तरं तिथल्या अनुभवावर, त्यातही हॅरी पॉटरच्या पुस्तकांवरून झालेल्या भांडणांवर बेतलेली आहेत. आपल्याकडच्या शाळांबद्दलचे प्रश्न पुढे घेतले आहेत.

थोडक्यात सांगा, काढावं की नाही?

वाचनालयातून काढू नये. आपल्या मुलाने अमुक पुस्तक वाचू नये असं एखाद्या पालकाला श्रद्धेपोटी वाटत असेल, तर त्यांनी ते शाळेला सांगावं आणि शाळेने त्याचा मान राखावा. पण त्यांच्या मुलाच्या शेजारी बसणाऱ्या मुलीनेही ते वाचू नये, हे ठरवायचा अधिकार त्यांना नाही. तिच्यासाठी ते तिचे आईवडील ठरवतील.

वर्गात सगळ्यांना सक्तीने वाचून दाखवलेल्या पुस्तकाचा प्रश्न वेगळा आणि जास्त अवघड आहे. कपाटातलं पुस्तक मूल आपणहून उचलतं. वर्गातलं पुस्तक त्याला ऐकावंच लागतं. बहुतेक वादांत या दोन गोष्टींची सरमिसळ होते आणि मग कुणालाच नीट उत्तर मिळत नाही.

हॅरी पॉटरवर आक्षेप तरी काय होता?

बायबलच्या जुन्या करारात, ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात, जादूटोणा, मंत्रतंत्र आणि मृतात्म्यांशी बोलणं यांना स्पष्ट मनाई आहे. ज्या ख्रिस्ती पालकांच्या लेखी हा शब्द देवाचा आहे, त्यांना जादू शिकवणाऱ्या शाळेची गोष्ट निरुपद्रवी वाटत नाही. देवाने निषिद्ध ठरवलेली गोष्ट मुलांपुढे मोहक करून मांडली, असं त्यांचं म्हणणं. शिवाय या गोष्टींतली मुलं मोठ्यांचं ऐकत नाहीत, नियम मोडतात आणि तरी जिंकतात, ही दुसरी तक्रार.

पहिलं पुस्तक ब्रिटनमध्ये १९९७ साली आणि अमेरिकेत १९९८ साली आलं. अमेरिकन ग्रंथालय संघटना दरवर्षी सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांची यादी काढते. १९९९ ते २००२ अशी सलग चार वर्षं ही पुस्तकं त्या यादीत पहिली होती.

या पालकांची चेष्टा करू नये असं मला मनापासून वाटतं. जादूटोणा खरा असतो असं मानलं की त्याची भीतीही खरीच असते. आपल्याकडेही तो खरा मानणारे कमी नाहीत. म्हणून तर २०१३ साली महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. आपल्या मुलाला यापासून दूर ठेवायची त्या पालकांची धडपड समजण्यासारखी आहे. माझा विरोध आहे तो तिथून पुढच्या पावलाला.

शाळांनी त्यावर काय केलं?

वेगवेगळं केलं. मिशिगन राज्यातल्या झीलंड गावात नोव्हेंबर १९९९ मध्ये शाळांच्या मुख्य अधिकाऱ्याने एकट्याने निर्णय घेतला: वर्गात ही पुस्तकं वाचून दाखवायची नाहीत, वाचनालयात दर्शनी भागात ठेवायची नाहीत, पुढचे भाग विकत घ्यायचे नाहीत, आणि मुलाला पुस्तक घरी न्यायचं असेल तर पालकांची परवानगी लागेल. मुलं, शिक्षक आणि बरेच पालक विरोधात उभे राहिले, समिती नेमावी लागली, आणि मे २००० मध्ये यातली बहुतेक बंधनं उठली.

आर्कान्सा राज्यातलं सीडरव्हिलचं प्रकरण मात्र नीट समजून घेण्याजोगं आहे. एका पालकाने शाळेकडे रीतसर तक्रार केली. शाळेच्या नियमाप्रमाणे पंधरा जणांची समिती बसली, आणि पंधराच्या पंधरा जणांनी पुस्तकं विनाअट वाचनालयात राहू द्यावीत असा कौल दिला. इथे विषय संपायला हवा होता. पण जून २००२ मध्ये शाळा मंडळाने समितीचा निर्णय तीन विरुद्ध दोन मतांनी फिरवला. पुस्तकं उघड्या कपाटातून निघाली आणि पालकांची लेखी परवानगी असलेल्या मुलांनाच मिळू लागली. चौथीतल्या एका मुलीच्या आईवडिलांनी मंडळावर खटला भरला. २२ एप्रिल २००३ रोजी केंद्रीय न्यायालयाने पुस्तकं पूर्ववत कपाटात ठेवण्याचा आदेश दिला.

पालकांची सही आणायला सांगितली, तर ती बंदी कशी?

हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो, आणि सीडरव्हिलच्या मंडळाचा बचावही हाच होता. पुस्तक आहे, फक्त सही आणा.

खटल्यातल्या मुलीकडे ही पुस्तकं घरी होती. वाचायला आईवडिलांची हरकत नव्हती, सहीसुद्धा मिळाली असती. तरीही न्यायालय म्हणालं की तिच्यावर बंधन आलेलंच आहे. कारण बाकीची मुलं कपाटापाशी जातात, हाताला लागेल ते पुस्तक काढतात, दोन पानं चाळतात, आवडलं तर घेतात. हिला मात्र ‘ते’ पुस्तक मागावं लागणार, आणि ते मागणारी मुलगी म्हणून तिच्याकडे पाहिलं जाणार. पुस्तकात काहीतरी वाईट आहे आणि ते वाचणाऱ्यातही काहीतरी खोट आहे, असा शिक्का त्यातून बसतो. शाळेतल्या मुलांना असे शिक्के फार लवकर कळतात.

दुसरं म्हणजे, हे पुस्तक वाचून मुलं बेशिस्त होतील अशी भीती मंडळाच्या सभासदांनी सांगितली होती. पुस्तक वाचून एखादं मूल बिघडल्याचा एक तरी प्रसंग ठाऊक आहे का, असं विचारल्यावर त्यांना तो सांगता आला नाही. ज्या भीतीपायी मुलांच्या हातातलं पुस्तक काढून घ्यायचं, तिला आधार हवाच.

अमेरिकेत कायदा ठामपणे पुस्तकाच्या बाजूने आहे का?

पूर्वी वाटायचा तेवढा ठाम आता राहिलेला नाही. न्यूयॉर्कजवळच्या आयलंड ट्रीज शाळा मंडळाने १९७६ साली काही पुस्तकं ‘अमेरिकाविरोधी, ख्रिस्तविरोधी, ज्यूविरोधी आणि निव्वळ घाणेरडी’ असं म्हणत काढली होती. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पुस्तकातले विचार आवडत नाहीत एवढ्याच कारणाने मंडळाला ते शाळेच्या वाचनालयातून काढता येणार नाही. पण त्या निकालात न्यायाधीशांची मतं इतकी विभागलेली होती की त्याचा पाया कच्चा राहिला. मे २०२५ मध्ये टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या राज्यांवर अधिकार असलेल्या अपील न्यायालयाने उलट दिशा धरली. सार्वजनिक ग्रंथालयाने काय ठेवावं यावर वाचकाला घटनात्मक हक्क सांगता येत नाही, असं त्याने ठरवलं.

खासगी शाळांना तर हे बंधन नव्हतंच. टेनेसीतल्या नॅशव्हिलमधल्या एका कॅथलिक शाळेने २०१९ साली हॅरी पॉटर वाचनालयातून काढलं. या पुस्तकातले मंत्र खरे आहेत आणि ते वाचल्याने दुष्ट शक्ती ओढवू शकतात, असं तिथल्या धर्मगुरूंनी पालकांना कळवलं होतं. मात्र त्या भागातल्या कॅथलिक शाळांच्या प्रमुखांनीच सांगितलं की या पुस्तकांबद्दल चर्चची अधिकृत भूमिका अशी काही नाही. ‘आमच्या धर्माला मान्य नाही’ म्हणणारा माणूस सगळ्या धर्माच्या वतीने बोलत असतोच असं नाही. मुख्याध्यापकांनी हे कायम ध्यानात ठेवावं.

वर्गात सगळ्यांना शिकवल्या जाणाऱ्या पुस्तकाचं काय?

टेनेसीतल्या हॉकिन्स परगण्यात १९८३ साली काही ख्रिस्ती पालकांनी वाचनाच्या संपूर्ण पाठ्यपुस्तक मालेवर हरकत घेतली आणि आपल्या मुलांना त्यातून वगळण्याची मागणी केली. १९८७ साली अपील न्यायालयाने ती फेटाळली. एखादा विचार मुलाच्या कानावर पडणं आणि तो त्याच्या गळी उतरवणं यांत फरक आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

२०२५ साली वारं फिरलं. मेरीलँडमधला मॉन्टगोमेरी परगणा, म्हणजे रॉकव्हिल, गेथर्सबर्ग, जर्मनटाउन. मराठी घरं तिथेही आहेत. सुमारे १,६०,००० मुलांच्या या शाळांनी बालवाडी ते पाचवीच्या भाषेच्या वर्गात काही नवी चित्रपुस्तकं आणली. त्यातल्या एकात एका लहान मुलीचा लाडका काका दुसऱ्या पुरुषाशी लग्न करतो. सुरुवातीला शाळा पालकांना कळवायच्या आणि नको असेल त्या मुलाला वगळायच्या. मार्च २०२३ मध्ये ती सोय बंद केली. मुस्लिम, कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पालक एकत्र कोर्टात गेले. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं की खटला चालू असेपर्यंत शाळांनी ही पुस्तकं घेण्याआधी पालकांना कळवावं आणि मुलाला वर्गाबाहेर ठेवायची मुभा द्यावी.

पुस्तकं काढून टाका, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. बातम्यांत मात्र ते तसंच पसरलं. मला या निकालाबद्दल दोन्ही बाजूंनी वाटतं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला काय सांगितलं जाणार आहे हे पालकांना आधी कळावं, ही मागणी मला रास्त वाटते, आणि ही सोय काढून घेणं ही शाळांची चूक होती असंही वाटतं. पण अल्पमतातल्या न्यायाधीशांनी दाखवलेला धोकाही खरा आहे. प्रत्येक पुस्तकासाठी सूचना, नोंदी, वेगळी खोली आणि वेगळा शिक्षक लागणार असेल, तर दमलेली शाळा वादाची शक्यता असलेलं पुस्तक मुळात आणणारच नाही. ज्या घरात दोन आया किंवा दोन बाबा आहेत, तिथल्या मुलाला मग आपल्या घरासारखं घर शाळेच्या एकाही पुस्तकात दिसणार नाही. ज्यांच्या श्रद्धेला ते पटत नाही त्यांनी आपलं मूल बाजूला ठेवावं, पण त्या दुसऱ्या मुलाचं पुस्तक राहिलं पाहिजे.

एखादं पुस्तक काढल्याने असं काय बिघडतं?

युटा राज्याने २०२२ साली शाळांतलं ‘अश्लील’ साहित्य काढण्याचा कायदा केला. पुस्तकं काढण्याच्या या लाटेला विरोध म्हणून डेव्हिस परगण्यातल्या एका पालकाने बायबलवरच तक्रार केली: यात व्यभिचार आहे, हिंसा आहे, तेव्हा नियमाप्रमाणे हेही काढा. २०२३ साली शाळेच्या समितीने खरोखरच प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतून बायबल काढलं. गदारोळ झाला आणि जून २०२३ मध्ये मंडळाने ते परत ठेवलं. दुसऱ्याचं पुस्तक काढायला केलेला नियम आपल्या ग्रंथालाही लागू होतो, हे त्या गावाला अनुभवाने कळलं.

पुस्तकात आमच्या धर्माबद्दल चुकीचं किंवा अपमानकारक लिहिलं असेल तर?

मग आक्षेप घ्याच, पण दुरुस्तीसाठी. २००५ साली कॅलिफोर्नियात सहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांवर हिंदू संघटनांनी हरकती घेतल्या. त्यातल्या काही अगदी बरोबर होत्या. एका पुस्तकात हिंदी अरबी लिपीत लिहितात असं छापलं होतं. दुसऱ्यात हनुमानाबद्दल सांगताना, रामायण सांगितलं जातं तिथे तो हजर असतो असं म्हणतात, तर आजूबाजूला बघा, एखादं माकड दिसतंय का, असं मुलांना विचारलं होतं. वर्गातल्या एकुलत्या एका हिंदू मुलाकडे त्या क्षणी सगळा वर्ग वळून बघणार. हे बदलायलाच हवं होतं.

पण त्याच यादीत जातिव्यवस्था आणि प्राचीन काळातलं स्त्रियांचं स्थान यांबद्दलचा मजकूर सौम्य करण्याच्या मागण्याही होत्या. त्यांना इतिहासाच्या अभ्यासकांनी आणि दलित संघटनांनी विरोध केला, आणि राज्याच्या शिक्षण मंडळाने २००६ साली त्या वादग्रस्त सूचना नाकारल्या. हे मला योग्य वाटतं. महाराष्ट्रात फुले-आंबेडकर वाचून मोठे झालेल्यांना तर हे वेगळं सांगायला नको. चूक दुरुस्त करा म्हणणं वेगळं, आणि अडचणीचं सत्य लपवा म्हणणं वेगळं. आक्षेपाच्या एकाच कागदावर दोन्ही असू शकतात, म्हणून प्रत्येक ओळ स्वतंत्र तपासावी लागते.

आपल्याकडे भारतात कायदा काय सांगतो?

राज्यघटनेच्या कलम २८ नुसार, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत ते दिलं जात असेल, तर पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. म्हणजे आपल्या मुलापुरती सूट ही कल्पना आपल्या घटनेत आधीपासून आहे.

तिचं सगळ्यात सुंदर उदाहरण केरळातलं. यहोवाचे साक्षीदार या पंथाची तीन भावंडं प्रार्थनेच्या वेळी राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, पण गात नसत. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. त्या शाळेचं चित्र डोळ्यांपुढे आणा: शेकडो मुलं गातायत आणि तीन मुलं शांत उभी आहेत. इतरांनी गाऊ नये असं त्यांनी म्हटलं नाही, आणि त्यांनी गायलंच पाहिजे अशी सक्ती इतरांना करता आली नाही. पुस्तकाच्या बाबतीतही मला नेमकं हेच हवं आहे.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला वाचनालय सक्तीचं केलं आहे, आणि त्यात गोष्टींची पुस्तकं असावीत असं स्पष्ट लिहिलं आहे. मुलांच्या हातात गोष्टीचं पुस्तक पडणं ही शाळेची मेहेरबानी नव्हे.

हॅरी पॉटर मराठीतही आहे. आपल्याकडे तसा गदारोळ का झाला नाही?

भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ही पुस्तकं मराठीत आणली आणि ती निवांत वाचली गेली. वेताळ, चेटकीण, हडळ आणि बोलणारे पोपट आजीच्या गोष्टींतच असल्यामुळे जादूच्या शाळेचं आपल्याला काही वाटलं नसावं. आपल्या भावना दुखावतात त्या दुसऱ्या ठिकाणी: देव, संत आणि महापुरुष यांच्याबद्दलच्या एखाद्या ओळीने. आणि आपल्याकडे कोर्टाआधी जमाव येतो. जानेवारी २००४ मध्ये पुण्यात भांडारकर संस्थेवर झालेला हल्ला मुलांच्या पुस्तकावरून नव्हता. तरी आपला मुख्याध्यापक आक्षेपाचा पहिला फोन आला की पुस्तक गुपचूप का उचलतो, ते त्यावरून समजतं. त्याला पाठिंबा देणारा कागद हातात हवा. तो म्हणजे लेखी कार्यपद्धती.

मग शाळेने काय पद्धत ठेवावी?

आक्षेप लेखीच घ्यावा, आणि अर्जात पहिलाच प्रश्न असावा: तुम्ही हे पुस्तक पूर्ण वाचलं आहे का? न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावात ३० डिसेंबर २००१ रोजी एका चर्चने हॅरी पॉटरची होळी केली, आणि ती घडवून आणणाऱ्या धर्मगुरूंनी ही पुस्तकं वाचलेली नव्हती. न वाचलेल्या पुस्तकावरचा आक्षेप शाळेने नम्रपणे परत करावा. कुठलं पान खटकलं, आणि सूट फक्त आपल्या मुलाला हवी की सगळ्यांनाच ते बंद करायचं आहे, हेही अर्जात विचारावं. अनेक पालकांना खरं तर पहिलंच हवं असतं, आणि तो विषय शिक्षकांशी बोलून दोन दिवसांत मिटतो.

बाकीच्यांसाठी शिक्षक, ग्रंथपाल आणि पालक यांची समिती असावी. सगळ्यांनी पुस्तक वाचावं आणि निर्णय कारणांसह लिहावा. तोवर पुस्तक जागचं हलवू नये. ‘चौकशीपुरतं’ आत ठेवलेलं पुस्तक बहुधा बाहेर येत नाही.

वयाला न शोभणारं पुस्तक असेल तरी ठेवायचं?

नाही. दुसरीच्या मुलाला दहावीचं पुस्तक देऊ नये, हे ग्रंथपालाचं रोजचं काम आहे. त्यासाठी पुस्तक मोठ्या मुलांच्या कपाटात ठेवता येतं. मात्र आक्षेप धर्माचा असताना तो वयाच्या नावाखाली मान्य करू नये.

मला एक पुस्तक खरंच खटकतंय. शिक्षकांशी कसं बोलू?

आधी ते स्वतः वाचा. मग वर्गशिक्षिकेला एकटीला भेटा आणि सरळ सांगा, “मॅडम, ही गोष्ट आमच्या घरच्या श्रद्धेत बसत नाही. तूर्तास आमच्या मुलीला दुसरं पुस्तक द्याल का?” पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पानाचा फोटो टाकू नका. तिथून प्रकरण कुणाच्याच हातात राहत नाही, आणि भोगतात त्या शिक्षिका. मुलीला मात्र कारण सांगा. ‘आपण हे मानत नाही, तुझी मैत्रीण मानते’ एवढं सहा वर्षांच्या मुलालाही कळतं.

आमच्या शाळेने पुस्तक आधीच काढलंय. ते परत आणता येईल का?

येतं. झीलंड, सीडरव्हिल, आयलंड ट्रीज, डेव्हिस, सगळीकडे पुस्तकं परत आली, कारण कुणीतरी मागे लागलं. पुस्तक कुणी, कधी आणि कुठल्या तक्रारीवरून काढलं हे शाळेला लेखी विचारा. सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात. पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा असं पत्र समितीच्या अध्यक्षांना द्या, त्याची पोच घ्या, आणि बैठकीला येताना त्या पुस्तकाची एक प्रत बरोबर आणा, म्हणजे निर्णयाआधी सभासदांना ते वाचायला देता येईल.